आमच्या ह्यांच्या जागी मेलेला माणूस

आमचे हे वारल्याची बातमी पेपरात आली तेव्हा हे संडासात होते. मी दाराबाहेर उभं राहून ती मोठ्याने वाचून दाखवली. "साहसकथांचे सम्राट काळाच्या पडद्याआड."  आतून विचारतात, "कितव्या पानावर आहे?"

"पहिल्या."

"फोटो?"

"आहे. मिशीवाल्याचा."

"हं," म्हणाले, आणि साखळी ओढली.

असा हा माणूस. दुसरा कोणी असता तर दार तोडून बाहेर आला असता. ह्यांनी बाहेर येऊन सावकाश हात धुतले, पेपर घेतला, बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मजकूर बरा आहे. कोणी लिहिला असेल?" मला तर पेपर त्यांच्या डोक्यात हाणावासा वाटला.

आता हा मिशीवाला कोण, आणि तो मेला तर आमचे हे कसे वारले, हे पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय.

लग्न झालं तेव्हा हे तेलाच्या वखारीत कारकून होते. डब्यांवर चिकटवायची लेबलं एका छापखान्यातून छापून आणायची, हे त्यांचं काम. त्या छापखान्याचे मालक लेबलांच्या जोडीला एक मासिकही काढायचे. साहसकथांचं. दर महिन्याला एक अख्खी कथा आणि सगळ्या कथांना नायक एकच, कप्तान. एक दिवस हे लेबलं आणायला गेले तर मालक डोक्याला हात लावून बसलेले. मुखपृष्ठं छापून गठ्ठे बांधलेले, आणि गोष्ट लिहिणारा माणूस लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसायला निघून गेलेला. चित्रात कप्तान दोराला लोंबकळतोय, खाली मगरी आ वासून बसल्यात आणि वर एक बाई सुरीने दोर कापतेय. मालक वैतागून ह्यांनाच म्हणाले, "तुम्हीच सांगा, ही बाई दोर का कापत असेल?" ह्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्याची बायको असेल."

मालक खो खो हसले आणि तिथल्या तिथे ह्यांच्या हातात कोरे कागद ठेवले. हे घरी येऊन मला कौतुकाने ते सांगतात, आणि मीही हसले. नवी नवरी होते. अक्कल कुठे होती?

त्या धंद्याची रीतच उलटी. जगात आधी गोष्ट, मग चित्र. इथे चित्र आधी. रंगीत छपाई महाग पडते म्हणून मालक पुढच्या कित्येक महिन्यांची मुखपृष्ठं एकदम छापून ठेवायचे. महिना लागला की छापखान्याचा शिपाई त्यातलं एक आमच्याकडे आणून द्यायचा. हे ते समोरच्या भिंतीला टाचणीने टोचायचे, आणि त्यात जे जे दिसतंय ते सगळं गोष्टीत आणायचे. चित्रकार एक नंबरचा लहरी. त्याने एकदा वाळवंटात ऑक्टोपस काढला. का, असं विचारलं तर म्हणाला, निळा रंग संपला होता. ह्यांनी काय करावं? वाळवंटाच्या पोटात एक गुप्त समुद्र घातला. वाचक खूश!

एकदा तर चित्राचा ठसा, त्यांच्या भाषेत ब्लॉक, तोच उलटा छापला गेला. कप्तानाच्या डाव्या गालावरचा वार उजव्या गालावर गेला. हजारो मुखपृष्ठं, फेकणार कशी? मालक म्हणाले, "तुम्ही निस्तरा." मग ह्यांनी कप्तानाला एक जुळा भाऊ दिला, उजव्या गालावर वार असलेला, दुष्ट. तो भाऊ वाचकांना इतका आवडला की पुढे मालक मुद्दाम ब्लॉक उलटा करून छापायला लागले. एका गाढवाच्या चुकीपायी मी तो जुळा भाऊ कितीतरी वर्षं उतरवून काढला.

हो, उतरवून काढायचं काम माझं. ह्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवलेली कोंबडी. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांनी हात टेकले, म्हणून मालकांनी निरोप पाठवला, वहिनींचं अक्षर चांगलं आहे असं ऐकतो. झालं. तेव्हापासून कप्तानाने मारलेली प्रत्येक बुक्की आधी माझ्या मनगटातून गेली. आणि त्या गोष्टीतल्या बाया! एकजात सुंदर, एकजात बावळट, आणि दर गोष्टीत कुठल्या ना कुठल्या खांबाला बांधलेल्या. मी म्हणायचे, "अहो, हिला एकदा तरी मोकळी ठेवा. बघू तरी काय करते." हे म्हणायचे, "चित्रात बांधलेली आहे गं, मी काय करू?"

ऐकायला मजेचं वाटत असेल. डोंबलाची मजा! त्या खोलीत पाय ठेवून बघायचा होता. वखारीची नोकरी सोडल्यापासून हे दिवसभर बनियनवर, खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे. लिहिताना नखं खायचे आणि तुकडे तिथेच थुंकायचे. चहावर साय धरायची, ती बोटाने काढून टेबलाच्या कडेला पुसायचे. विड्यांची थोटकं बशीत, बशी पुरली नाही की कपात, कप पुरला नाही की माझ्या शिवणाच्या डब्याच्या झाकणात. मारामारीचा प्रसंग आला की तोंडाने आवाज काढायचे आणि समोरच्या कागदावर थुंकीचे शिंतोडे उडायचे. तेच कागद मी वाळवून पुढ्यात घ्यायचे. कोपऱ्यात जुन्या अंकांची थप्पी, तिला छापखान्यातल्या खळीचा आंबूस वास, आणि त्या खळीवर पोसलेली झुरळं. शी! 

आणि हा शूरवीर कुत्र्याला घाबरायचा. रस्त्यात कुत्रं दिसलं की माझ्या मागे. वाघाच्या जबड्यात हात घालायला लावणार कप्तानाला, आणि स्वतः दूध आणायला जायचं तर आधी खिडकीतून गल्ली बघून घेणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी घरात बघितलंय.

पण एक सांगते. राग येतो म्हणून खोटं बोलणार नाही. माणूस लिहायचा मात्र झपाटून. महिन्याला एक कथा, एकही महिना न चुकता. ताप असो, मुलगी आजारी असो, माझी आई गेली तेव्हासुद्धा. आणि त्या गोष्टी लोक अक्षरशः ओढून नेत. मग एवढं सगळं ज्याच्या डोक्यातून येतं, त्याचं नाव नको का त्याच्यावर?

नव्हतं. मुखपृष्ठावरचं नाव मालकांनी आधीच ठरवून ठेवलेलं. भारदस्त, उच्चारताना छाती फुगावी असं. मी ते इथे घेणार नाही, माझ्या लेखणीतून पुरेसं गेलंय. त्या नावाचा माणूस जगात कुठेच नव्हता. मालक म्हणायचे, "लिहिणारे येतील नि जातील, नाव टिकलं पाहिजे." तरी हे दर कथेच्या शेवटच्या ओळीखाली स्वतःचं नाव लिहायचे. मीही ते नीट उतरवायचे. आणि दर वेळी मालक तांबड्या पेन्सिलीने काट मारायचे. पुढच्या महिन्यात हे पुन्हा लिहायचे. भांडायचे नाहीत, विचारायचे नाहीत, नुसतं लिहायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

मग वाचकांची पत्रं यायला लागली, लेखकाला बघायचंय म्हणून. वाचनालयं बोलवायला लागली. मालक एकदा घरी आले. ह्यांच्याकडे नीट बघितलं. पोट सुटलेलं, छाती आत गेलेली, बनियनला भोक. चहा पिऊन गेले. त्यांनी काय करावं? कप्तानाच्या चित्रासाठी चित्रकारासमोर जो माणूस उभा राहायचा, त्यालाच लेखक करून टाकला!

तो मिशीवाला. तलावावर पोहायला शिकवायचा. खांदे हे एवढे, मिशा त्याहून मोठ्या, आणि आत सगळा रिकामा डबा. त्याचा फोटो मासिकाच्या मागच्या पानावर लागला. वाचकांनी बघितलं तर लेखक हुबेहूब कप्तानासारखा! लोक वेडेच झाले. म्हणजे सगळं खरंच घडलेलं तर, यांच्याच आयुष्यात! मग हा गावोगाव सत्कार घेत फिरायला लागला. भाषणं ह्यांनी लिहायची, मी उतरवायची, त्याने पाठ करायची. आयत्या बिळावर नागोबा! एकदा मी त्याला तोंडावर म्हणाले, "लाज नाही वाटत?" तर बिचाऱ्यासारखं तोंड करून म्हणतो, "वाटते हो वहिनी. पण तलाव थंडीत बंद असतो."

इथपर्यंत मी सगळं गिळलं. मग शाळेत आमच्या मुलीला 'माझे वडील' असा निबंध आला. पोरीने लिहिलं, माझे बाबा कप्तानाच्या गोष्टी लिहितात. तिच्या बाईंनी मासिक आणलं, मागचं पान सगळ्या वर्गाला दाखवलं आणि विचारलं, "हे तुझे बाबा का गं?" पोरीने नाही म्हणून मान हलवली. खोटं लिहिलं म्हणून तिला बाकावर उभं केलं. घरी येऊन म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत चला ना. तुम्हीच सांगा बाईंना." हे म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, पुन्हा बघू. नंतर तिने विचारणं सोडलं. आज ती संसाराला लागली आहे, आणि सासरी सांगते, बाबा तेलाच्या वखारीत होते म्हणून.

तेव्हा मी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, ह्यांचं नाव छापून आलंच पाहिजे. ते पान मी मुलीच्या हातात ठेवणार. मला दुसरं काही नको. तडक मालकांकडे गेले आणि सांगितलं, नाहीतर उतरवून काढणं बंद. मालक गोड बोलण्यात कोणाला हार जायचे नाहीत. "वहिनी, रागावू नका. मासिकाला पंचवीस वर्षं होतील त्या अंकात ह्यांचं नाव, ह्यांचा फोटो, सगळं उघड करू." मी वाट बघितली. तो अंक आला, त्यात मालकांच्या वडिलांचा फोटो. मग म्हणाले, तिसाव्या वर्षी. मग म्हणाले, कागद महागलाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आणि मग मिशीवाला तलावाच्या काठावर पोरांना सूर मारायला शिकवता शिकवता छातीत कळ येऊन गेला. पेपरवाल्यांना खरं काय ठाऊक? त्यांनी लेखक गेला म्हणून छापलं.

मला काय वाटलं सांगू? त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, पण क्षणभरच. दुसऱ्या क्षणी वाटलं, सुटलो! आता मालकांना खरं सांगावंच लागेल. मेलेला माणूस पुढच्या महिन्यात गोष्ट कशी लिहील?

दुपारी मालक आले. काळा कोट घालून, चेहरा पाडून. खुर्चीवरचे कागद बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "फार मोठा माणूस गेला."

मी म्हणाले, "कोण? पोहायला शिकवणारा?"

"वहिनी, असं बोलू नका. सकाळपासून मागचा एकही अंक शिल्लक राहिला नाही. लोक दारात रडतायत." मग ह्यांच्याकडे वळले. "आता असं करायचं. त्यांच्या कपाटात अप्रकाशित कथा सापडल्या असं जाहीर करू. भरपूर सापडल्या. तुम्ही लिहीत राहा."

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, आता तरी उठतील, काहीतरी बोलतील. ह्यांनी विचारलं, "शोकसभेत तुम्ही बोलणार असाल ना? भाषण लिहून देऊ?"

त्या भाषणात ह्यांनी 'माझा लाडका मित्र' असं लिहिलं होतं. ते उतरवताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पण मी ओळ ना ओळ उतरवली, कारण मनात ठरवलं होतं, ह्या सभेतच उभं राहायचं. सगळे एकत्र भेटणार, पेपरवाले असणार. असा दिवस परत यायचा नाही. ह्यांना मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यायचेच नाहीत.

सभा वाचनालयाच्या सभागृहात होती. पाय ठेवायला जागा नाही. समोर मिशीवाल्याचा मोठ्ठा फोटो, फुलांनी झाकलेला, मिशा तेवढ्या बाहेर. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसलो. एकजण बोलून बसला की दुसरा उठे. कोणी म्हणतंय, त्यांच्या गोष्टींमुळे मी पोलिसात गेलो. कोणी म्हणतंय, बाप गेला तेव्हा मला कप्तानाने धीर दिला. हे पुढे वाकून ऐकत होते. तोंड उघडं, डोळ्यात पाणी. मालकांचं भाषण झालं तेव्हा तर स्वतःच्याच वाक्यांना मान डोलावत होते.

आमच्या शेजारी एक बस ड्रायव्हर बसला होता, खाकी कपड्यातच आलेला, धिप्पाड. तो ढसाढसा रडत होता. ह्यांचा हात धरून म्हणाला, "अपघातात माझे दोन्ही पाय मोडले होते साहेब. डॉक्टर म्हणाले, परत गाडी चालवता यायची नाही. मी नुसत्या त्यांच्या गोष्टी वाचत पडायचो. म्हणायचो, जो माणूस हे सगळं खरंखरं जगलाय, त्याच्यापुढे माझं दुखणं ते काय! त्या जोरावर उभा राहिलो."

हे म्हणाले, "वा."

मी उठून उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला. "थांबा," म्हणाले. "तुम्ही सगळे चुकीच्या माणसासाठी रडताय. तो भला माणूस होता, पोहायला शिकवायचा. पण त्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. लिहिणारा माणूस जिवंत आहे. हे बघा, इथे बसलेत. हे माझे यजमान. एकूण एक कथा ह्यांची आहे, आणि मी माझ्या हाताने त्या उतरवल्यात. विचारा त्या मालकांना!"

 मग सगळ्या माना वळल्या. त्यांना काय दिसलं? पायात झिजलेल्या चपला, सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीच्या जागी लावलेली पिन, आणि डोळे पुसायला अर्धवट उचललेला हात. ड्रायव्हरने ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचं रडणं थांबलं होतं. "हे?" एवढंच म्हणाला, आणि ह्यांचा धरलेला हात सोडला.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

मालक मात्र जागचे हलले नाहीत. अगदी प्रेमाने म्हणाले, "वहिनींना फार धक्का बसलाय. यजमानांनीच सांगावं. काय हो, तुम्ही लिहिता का ह्या कथा?"

हे उठले. मला वाटलं, आता! इतकी वर्षं गेली ती गेली, पण आता. हे हात जोडून म्हणाले, "मी वाचक आहे."

"आणि ह्या बाई?"

"माझी बायको." मग घसा खाकरला. "तिला... वाचून वाचून असं होतं कधीकधी."

मग हसू नाही आलं कोणाला. दया आली. तेच वाईट. एक बाई उठून मला पाणी द्यायला आली. कोणीतरी म्हणालं, "घरी न्या हो त्यांना, सांभाळा." आणि आमचे हे, ज्यांच्या थुंकीचे शिंतोडे मी जन्मभर वाळवले, ते सगळ्यांदेखत मान हलवून म्हणाले, "हो, सांभाळतो."

मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. दुसरा शब्द नाही. मालकाची नव्हे, मिशीवाल्याची नव्हे, ह्यांची. खांद्यावर ठेवलेल्या त्यांच्या हाताची, त्या कुरतडलेल्या नखांची.

परत येताना कोपऱ्यावर कुत्रं होतं. ह्यांनी सवयीने माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि सरळ पुढे निघाले. हे घरी आले तेव्हा धापा टाकत होते.

मी विचारलं, "का असं केलंत?"

खुर्चीत बसले, पाय वर घेतले. "तू त्या ड्रायव्हरचं तोंड बघितलंस ना? मला बघून केवढंसं झालं. त्याला काय सांगायचं होतं, तुझा वाघाशी झुंजणारा तो हाच? अगं, सगळी माणसं रडत होती. माझ्या लिहिण्यासाठी. एवढं तर मला आजवर कधी मिळालं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर तेही गेलं असतं."

"आणि मी? मला वेडी ठरवलंत चारचौघांत."

"तुला तिथे कोण ओळखतंय?" म्हणाले. अगदी समजुतीच्या सुरात.

मी बोलणं टाकलं. मुलीला फोन करावा असं मनात आलं, पण तिला काय सांगणार? की तुझ्या आईलाही बाकावर उभं केलं?

पण तोंडावर रागाचं कुलूप घालून घर चालत नाही. काम आलं. मालकांनी निरोप धाडला, लेखकाच्या कपाटात त्याचं आत्मचरित्र सापडलंय, तेवढं लवकर लिहून द्या. मुखपृष्ठही तयार होतं, मिशीवाला वादळी समुद्राकडे बघत उभा. हे इतके रंगून लिहायला बसले की विचारू नका. मला जुन्या सवयीने हात चालवावा लागला. त्यात जन्म काय वादळात, बोटीवर! लहानपणी चाचे काय! जुन्या थापा, नव्या बाटलीत. शेवटच्या कागदांच्या दिवशी शिपाई न्यायला आला. तो आमच्याच वयाचा, जिन्यावर बसून वाट बघत होता. मी घाईघाईने उतरवत होते, आणि एका वाक्यापाशी हात थांबला. 'मी आजन्म अविवाहित राहिलो.'

 खालचं वाचलं. 'माझ्या एकाकी आयुष्यात सोबत होती ती एका मुक्या नोकराची. मी लिहून टाकलेले कागद तो रात्रंदिवस सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. बदल्यात त्याने कधी काही मागितलं नाही.'

"अहो," मी विचारलं, "हा नोकर कोण?"

ह्यांचा चेहरा इतका खुलला की काय सांगू! तेवढ्याचीच वाट बघत होते. "ओळखलंस? तूच की! तू एवढी रागावलीस, म्हणून म्हटलं, हिला आपण घालू या. घरातल्या माणसाला आजवर कधी कथेत घातलं नव्हतं. बघ, छापून येशील आता."

"आणि मुका का?"

"बोलका असता तर गुपित बाहेर नसतं का गेलं?" म्हणाले, आणि समोरच्या कपातली साय बोटाने काढून टेबलाच्या कडेला पुसली.

मी पेन ठेवलं. उतरवलेले कागद फाडले, सगळे. ह्यांनी लिहिलेले तेवढे गोळा करून जिन्यावर गेले आणि शिपायाच्या हातात दिले. त्याने वरचा कागद उलटसुलट करून बघितला.

"बाई, हे तर साहेबांचंच अक्षर. हे कोण वाचणार? मालकांना काय सांगू?"

"मला काय विचारता?" म्हणाले. "मी मुकी आहे."

आणि दार लावून घेतलं.